राखीव तार

गाई पाणी पितात ही गोष्ट वीजसाहेबांना तत्त्वतः मान्य होती. किती पितात, हे मात्र तीन गाई दारात आल्यावरच कळलं. थोरली गाय अंगणातल्या टाकीला तोंड लावून उभी राहिली की पाणी डोळ्यांदेखत खाली जाई, आणि तिच्या मागे मधली आणि धाकटी आपली पाळी येईपर्यंत माना खाली घालून उभ्या राहत. थोरलीच्या आधी पाण्याला तोंड लावायची दोघींची छाती नव्हती. ही नावं साहेबांच्या बायकोनं ठेवली होती. ती स्वतः तीन जावांमधली धाकटी म्हणून नांदलेली असल्यामुळे नावं शोधायला तिला लांब जावं लागलं नाही.

अडचण अशी होती की घर, विहीर आणि टाकी रस्त्याच्या खालच्या अंगाला, आणि गोठा नि कुरण रस्त्याच्या वरच्या अंगाला, चढावर. मधून दगडखाणीचे ट्रक जायचे. ट्रक चालवणारी मंडळी ब्रेक नावाच्या वस्तूला अगदीच नाइलाज झाला तर हात, म्हणजे पाय, लावत. उन्हाळा चढू लागला तशा गाई सारख्या खाली उतरायच्या, रस्ता ओलांडायच्या, पोटभर प्यायच्या आणि पुन्हा चढ चढून वर पोचेपर्यंत त्यांना परत तहान लागलेली असायची. त्यात थोरली गाभण, दिवस भरत आलेले. एका दुपारी ती दम खायला नेमकी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि एक ट्रक तिच्या शेपटीला वारा घालून गेला. त्या दिवसापासून बायकोनं थोरलीला खाली आणायचं बंद केलं आणि तिच्यासाठी स्वतः बादल्या वर न्यायला सुरुवात केली.

"तिचं वासरू नीट बाहेर येऊ दे, मग माझ्या कमरेचं बघू," असं ती म्हणायची. माहेरी ती गाईंच्या अंगाखांद्यावर वाढली होती. लग्नानंतर सगळा जन्म नवऱ्याच्या कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांत गेला. आता म्हातारपणी एक वासरू आपल्या हातानं वाढवायचं, एवढं तिनं मनाशी धरलं होतं. याखेरीज तिनं नवऱ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, निदान साहेबांना तसं आठवत नव्हतं. या बाबतीत साहेबांची आठवण फार भरवशाची नव्हती.

बायकोला बादल्या नेताना बघून साहेबांना वाईट वाटायचं. आपण एखादी उचलावी, असं मात्र सुचलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी बरेच दिवस विचार केला आणि एका सकाळी जाहीर केलं, "बादलीनं प्रश्न सुटत नसतात. कायमचा उपाय करायला हवा. मोटर, लोखंडी पाइप आणि वर कुरणात स्टीलचा हौद. गाई जागच्या जागी पितील. पाणी कमी झालं की पुन्हा भरेल. आपोआप."

"आपोआप" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की त्याचा शोध त्यांनीच लावला असावा.

इथे साहेबांच्या नावाचा खुलासा करायला हवा. त्यांनी सारी नोकरी वीज कंपनीत केली, हे खरं. पण ती आवक-जावक विभागात. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्राच्या तीन प्रती काढायच्या, एक पाठवायची, एक फायलीला लावायची आणि तिसरी राखीव ठेवायची, हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं. विजेशी त्यांचा संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता, आणि तोही शिपाई लावायचा. पण इथे राहायला आल्यावर लोक त्यांना वीजसाहेब म्हणू लागले आणि साहेबांनी नको म्हटलं नाही. कुणाचा पंखा बंद पडला की त्यांना बोलावणं यायचं. साहेब पंख्याखाली हात मागे बांधून उभे राहायचे, बराच वेळ वर बघायचे आणि म्हणायचे, "कॉइल." मग लोक वायरमनला बोलवायचे. अधूनमधून खरंच कॉइल जळालेली निघायची आणि साहेबांचा भाव आणखी वधारायचा.

बुटांचाही खुलासा इथेच केलेला बरा. साहेबांना शेणाची भीती वाटायची. किळस नव्हे, भीती. गाई आल्या त्याच दिवशी त्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले आणि ते घातल्याशिवाय त्यांनी कुरणात पाऊल ठेवलं नाही. बायको मात्र गवतात शिरताना चपला काढून ठेवायची. ती त्यांच्या बुटांना हसायची आणि ते तिच्या पायांना नावं ठेवायचे. असं त्यांचं बरं चाललं होतं.

पाइप रस्त्याखालून न्यायचा म्हणजे रस्ते कार्यालयाची परवानगी हवी. साहेब इस्त्रीचे कपडे घालून गेले. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाताना माणसाला माहेरी गेल्यासारखं वाटेल, अशी त्यांची कल्पना होती.

"पाणी कशासाठी?" खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"पिण्यासाठी."

"पिणारे किती?"

"तीन."

"नावं?"

साहेब क्षणभर घुटमळले. "थोरली, मधली, धाकटी."

"मुलींची शाळेतली नावं सांगा."

"त्या गाई आहेत."

कारकुनानं आता मान वर केली. "मग असं आधी सांगा ना. जनावरांचं ते पिण्याचं पाणी नव्हे. ते वापराचं पाणी. पलीकडची खिडकी."

"अहो, त्या पाणी वापरत नाहीत, पितात!"

"पलीकडची खिडकी," कारकून म्हणाला. पलीकडच्या खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता. तो आला तेव्हा त्यानं जनावरांचा विषय आपल्याकडे नसल्याचं सांगून त्यांना पुन्हा पहिल्या खिडकीकडे पाठवलं, आणि तोवर पहिला जेवायला गेला होता. साहेब बाकावर बसून राहिले. आपण इतकी वर्षं लोकांना हेच करत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. उलट, अजून काम असं चोख चालतं हे बघून त्यांना बरंच वाटलं. पुष्कळ खेटे घातल्यावर "मानवेतर पिण्यासाठी" असा शेरा मारून परवानगी मिळाली. तोवर ऊन आणखी कडक झालं होतं आणि बायको कमरेवर हात ठेवून चढ चढत होती.

मोटरची सोय शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी केली. हे गृहस्थ दिवसभर लोकांना आ करायला लावत, आणि त्यामुळे आपल्यासमोर कुणी उलट बोलू शकतं ही कल्पनाच त्यांच्या मनातून गेली होती. "आमची जुनी मोटर दवाखान्याच्या मागे पडलीय," ते म्हणाले. "घेऊन जा. उत्तम आहे. पावसात राहिल्यानं थोडी ओल धरली असेल, पण पाण्याच्याच कामाला लावायची ना? मग ओलीचं काय भ्यायचं!" साहेबांना हा मुद्दा पटला.

नळवाल्यानं विहिरीपासून कुरणापर्यंत लोखंडी पाइप टाकला, वर चकचकीत हौद बसवला आणि शेवटी मोटरची वायर हातात घेऊन विहिरीपाशी उभा राहिला. भिंतीवरच्या जुन्या प्लगला भोकं दोनच होती.

"साहेब, मोटरच्या वायरीत तारा तीन आहेत. ही हिरवी कुठे लावायची? वायरमनला बोलवू का? माझा मेव्हणाच आहे, लगेच येईल."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीजसाहेब घरात असताना वायरमन? उद्या सगळीकडे बोभाटा होईल. त्यांनी हात मागे बांधले आणि हिरव्या तारेकडे बराच वेळ पाहिलं. कॉइल म्हणून भागण्यासारखं नव्हतं. मग त्यांना एकदम उमगलं. तीन! एक पाठवायची, एक लावायची, आणि तिसरी?

"ती राखीव असते," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन्हींतली एखादी उद्या खराब झाली तर हाताशी असावी म्हणून. मोठमोठ्या यंत्रांना असतेच."

"बघा," नळवाला मनापासून म्हणाला, "इतकी वर्षं काम करतोय, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं." त्यानं हिरवी तार नीट दुमडून तिला चिकटपट्टी गुंडाळली. साहेबांनी वर कागदाची चिठ्ठी अडकवली आणि तिच्यावर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "राखीव."

मोटर सुरू झाली, पाणी वर पोचलं, हौद काठोकाठ भरला. दातांच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. बायको चपला काढून ओल्या गवतातून हौदाशी गेली, पाण्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"अहो, हाताला मुंग्या येतायत."

साहेबांनी बूट रोवून दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. "मला नाही काही."

डॉक्टरांनी आपल्या जाड तळाच्या बुटांत उभं राहून बोट बुडवलं. "मलाही नाही. वहिनी, बादल्या उचलून मानेची नस आखडलीय तुमची. त्यानं हाताला मुंग्या येतात."

"ऐकलंस? नस," साहेब म्हणाले.

बायकोनं पुन्हा एकदा पाण्याकडे बघितलं, हात पदरासारखा छातीशी धरला आणि गप्प बसली. दोन शिकलेली माणसं एका सुरात सांगत होती, आणि नस आखडली होती हेही खोटं नव्हतं. दुसऱ्या सकाळी ती वाकली ती वाकलीच. तिला सरळ होता येईना. तिच्या डॉक्टरांनी अंथरुणावर पाठ टेकून पडून राहायला सांगितलं, उठलीस तर कायमची लोळशील असा दम भरला, आणि तीन गाईंचा कारभार साहेबांच्या हाती आला.

थोरली हौदाशी आली, नाक पुढे केलं, पाण्याला लावलं आणि सपकन मारल्यासारखी मागे सरली. लांब उभी राहून फुरफुरली. थोड्या वेळानं पुन्हा आली, पुन्हा तेच. मधलीनं आणि धाकटीनं हे पाहिलं आणि त्या जवळसुद्धा फिरकल्या नाहीत.

साहेबांना हा सरळसरळ अपमान वाटला. त्यांनी दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी थोरलीचा जबडा उघडून आत नजर टाकली आणि निदान केलं, "पाणी थंड आहे. दातांना झोंबतंय." साहेबांनी घरातून किटलीनं गरम पाणी आणून हौदात ओतलं. एवढ्या मोठ्या हौदात किटलीभर गरम पाण्यानं काय होणार? पण त्यांनी दुपारभर चढ-उतार केला. थोरलीनं पुन्हा नाक लावलं आणि पुन्हा मागे सरली. सकाळ-संध्याकाळ वर गोठ्यात धार काढायला येणारा गवळी म्हणाला, "भांडं नवं आहे, चकाकतंय. आपलंच तोंड बघून बुजत असेल." साहेबांनी स्टीलच्या त्या देखण्या हौदाला आपल्या हातांनी चिखल फासला. करताना त्यांना अक्षरशः रडू येत होतं. गाईंनी चिखलाकडेही ढुंकून पाहिलं नाही.

"लाड झालेत," डॉक्टर शेवटी म्हणाले. "खालच्या टाकीची चटक लागलीय. रस्त्याकडचं फाटक बंद करा. घसा कोरडा पडला की झक मारून पितील. माझे रोगी नाही का, दुखेनासं होईपर्यंत येत नाहीत, मग बरोबर येतात."

या वाक्यात काही अर्थ नव्हता, पण ते ठणकावून बोललं गेलं होतं. साहेबांनी फाटकाला साखळी लावली.

त्या संध्याकाळी खोलीत पाय टाकताच बायकोनं अंथरुणातून विचारलं, "थोरली प्याली का?"

साहेबांनी बूट दाराशी काढले. खरं सांगितलं तर ही उठेल, बादली उचलेल आणि जन्माची अधू होईल, हे त्यांच्या मनात आलं, आणि ते खरंही होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. परवानगी त्यांची, पाइप त्यांचा, आपोआप हा शब्द त्यांचा. हे सगळं एका गाईनं नाक मुरडून मोडीत काढलं, हे त्यांना बायकोच्या तोंडावर सांगता येईना.

"प्याली," ते म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "बाई गं. सुटले मी," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी हौदातलं पाणी बोटभर उतरलेलं दिसलं. कावळे त्यात यथेच्छ आंघोळ करत होते आणि वरून ऊन आग ओकत होतं, पण साहेबांनी ते बोटभर पाणी गाईंच्या नावावर लिहून टाकलं. आपण बघत नसताना पीत असतील, मानी जनावरं आहेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. गवळी धार काढून भांडं दाखवत म्हणाला, "तळ झाकेल एवढंच दूध निघतंय." साहेब म्हणाले, "उन्हामुळे." आणि संध्याकाळी पुन्हा अंथरुणातून प्रश्न आला.

"प्याली?"

"प्याली."

"पोटभर?"

"पोटभर."

"मग मघापासून एवढी हंबरत का होती? मला इथवर ऐकू येत होतं."

"समाधानानं," साहेब म्हणाले.

बायको छताकडे बघत राहिली. तिनं गाईंमध्ये बालपण काढलं होतं, तिला समाधानाचं हंबरणं माहीत होतं. पण ज्या माणसाबरोबर आख्खा संसार केला तो गाईच्या पाण्यावरून खोटं बोलेल, हे तिच्या मनाला शिवलं नाही.

मग एकदा रस्त्यात गुरांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. बाईंच्या अंगावर सगळ्या परिसरातल्या गुरांची कामं असायची, आणि त्या गाडी बंद न करताच बोलायच्या. "तुमची गाभण गाय कशी आहे? जपा हं, या उन्हात पाणी फार लागतं त्यांना. पाण्याचं व्यवस्थित आहे ना?"

"स्टीलचा हौद बसवलाय," साहेब म्हणाले.

"वा! मग काळजी नाही," बाई म्हणाल्या आणि गाडी निघून गेली. साहेब तिथेच उभे राहिले. आपण उत्तर खरं दिलं, पण ते विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. कचेरीत अशी उत्तरं त्यांनी आयुष्यभर लिहिली होती. ते कुरणाच्या दिशेनं वळले. आज फाटक उघडायचं, झालं तेवढं पुरे, असं त्यांनी ठरवलं. पण समोरून दातांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "आता हार मानू नका साहेब, आता त्या टेकीला आल्यात." साहेबांनी फाटक उद्यावर ढकललं.

सकाळी गवळी धावतच खाली आला. कुंपण मोडलं होतं. थोरली नव्हती.

ती जुन्या खाणीत सापडली. कुरणाच्या पलीकडे एक सोडून दिलेला खड्डा होता. तळाला हिरवट पाणी, आणि पाण्याभोवती आटत चाललेल्या चिखलाचा रुंद पट्टा. पाण्याच्या वासावर थोरली उतरणीनं खाली गेली होती आणि चिखलात पोटापर्यंत रुतली होती. मान पुढे ताणलेली, जीभ बाहेर. तोंडापासून पाणी हातभर अंतरावर होतं. तेवढं तिला पोचता आलं नव्हतं.

वरून जाणारे ट्रक थांबले. ज्यांना ब्रेक माहीत नाही म्हणून साहेब ज्यांच्या नावानं बोटं मोडायचे, तीच माणसं दोर घेऊन खाली उतरली आणि कमरेइतक्या चिखलात शिरली. साहेबही शिरले. साहेबांचा खरं तर उपयोग होत नव्हता, ते नुसते थोरलीच्या मानेला मिठी मारून "चल गं, चल गं बाई" म्हणत होते. कुणीतरी डब्यात पाणी आणून तिच्या तोंडाशी धरलं. तिनं घोटभर घेतलं. बाकीचं तसंच ओघळून गेलं. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिचे डोळे थिजायला लागले होते. बाहेर ओढून काढेपर्यंत ती संपली. बाईंनी पोटावर हात ठेवला, कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, मग मान हलवली.

"वासरूही गेलं," त्या म्हणाल्या. "हिला पाणी किती दिवस नव्हतं?"

गवळी साहेबांकडे बघत होता. दातांचे डॉक्टरही आले होते, पण ते वर काठावर उभे राहिले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सल्ला नव्हता.

साहेब उठायला लागले तर पाय वर आले आणि बूट खालीच राहिले. त्यांनी एकदा हात घालून चाचपलं. चिखलानं बूट गिळले होते. ते अनवाणीच निघाले, मोडक्या कुंपणातून कुरणात शिरले. बायकोसमोर या अवतारात जाणं शक्य नव्हतं. निदान तोंड धुवावं म्हणून ते हौदाशी थांबले. आजूबाजूचं गवत सांडलेल्या पाण्यानं ओलं होतं. त्यांनी ओंजळ पाण्यात घातली.

हातातून, दंडातून झिणझिण्या सरसरत वर गेल्या. त्यांनी हात झटकला. मानेची नस, असं त्यांच्या मनात आलं. पुन्हा घातला. पुन्हा मुंग्या, थेट जबड्यापर्यंत. तिसऱ्यांदा त्यांनी हात घातला आणि मुद्दाम तसाच ठेवला, दात आवळून, सहन होईतो. बूट असते तर याही वेळी काही कळलं नसतं. थोरलीला बूट नव्हते. तिनं ओलं नाक लावलं होतं, रोज, पुन्हा पुन्हा, कारण तिला तहान लागली होती आणि पोटात आणखी एक जीव होता. आणि एका माणसाला, बायकोला, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, ती तोंडानं सांगत होती. तिला त्यांनी नस म्हणून गप्प केलं होतं.

ते खाली विहिरीपाशी गेले आणि मोटरची वायर प्लगमधून उपटून काढली. हिरवी तार तिथेच होती, नीट दुमडलेली, चिठ्ठीसह. अक्षर खरोखरच सुरेख आलं होतं. साहेब ती चिठ्ठी हातात घेऊन जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले.

अंगणात आले तेव्हा बायको उभी होती. कशी उठली, कशी वर गेली, फाटकाची साखळी कशी काढली, कुणास ठाऊक. एका हातानं भिंत धरून, कमरेत वाकून ती उभी होती, आणि तिच्यापुढे मधली आणि धाकटी टाकीत तोंड खुपसून पीत होत्या. पाळी वगैरे काही नाही, दोघी एकदम. पिण्याचा आवाज सगळ्या अंगणात भरला होता. टाकीचा तळ दिसायला लागला तरी त्या थांबेनात.

"ती प्याली नव्हती," साहेब म्हणाले. "एकदाही नाही. मी खोटं सांगत होतो. आणि हौदात वीज उतरत होती. तू म्हणालीस ते खरं होतं. मला विजेतलं काही कळत नाही गं. कधीच कळत नव्हतं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर त्यांच्या पायांवर होती.

"बूट कुठे गेले?"

"खाणीत राहिले."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यानंतर पुष्कळ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

पुढे वायरमन आला. त्यानं मोटर बदलली, हिरवी तार जमिनीत गाडलेल्या सळईला जोडली आणि हौदात हात घालून, अनवाणी उभं राहून दाखवलं. आता काही धोका नव्हता. साहेबांनी हौद घासून पुसून पुन्हा लख्ख केला. मधली आणि धाकटी लांबून बघत राहिल्या. एकदा ज्या पाण्यानं दगा दिला त्याच्याजवळ त्या गेल्या नाहीत, आजतागायत नाही. हौद काठोकाठ भरलेला असतो, कमी झाला की पुन्हा भरतो, आपोआप. कावळे त्यात आंघोळ करतात.

त्याच्या शेजारी एक जुनं लाकडी पिंप अर्धं कापून ठेवलंय. साहेब खालून बादल्या भरतात, रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रकची वाट बघतात आणि अनवाणी चढ चढून त्या पिंपात ओततात. शेणात पाय पडला तर पडतो. ट्रकवाले हल्ली त्यांना बघून खरंच ब्रेक लावतात. दातांचे डॉक्टर म्हणतात, "साहेब, पाइप आहे ना तुमचा?" साहेब पुढची बादली उचलतात.

परवा कुणीतरी पंखा बंद पडला म्हणून बोलवायला आलं. साहेबांनी बादली खाली ठेवली. "मी कंपनीत पत्रांवर शिक्के मारायचो," ते म्हणाले. "मला पंख्यातलं काही कळत नाही. वायरमनला बोलवा."

तो माणूस घरी जाऊन सांगत होता म्हणे, की एवढा मोठा अधिकारी, पण विनय काय आहे!

बायको आता काठी घेऊन घरातल्या घरात हिंडते. बोलतेही, लागेल तेवढं. संध्याकाळ झाली की ती दाराशी येऊन उभी राहते आणि विचारते, "प्याल्या?"

"मधली प्याली," साहेब सांगतात. "धाकटीनं नुसतं तोंड लावलं. थांब, बघून येतो." आणि रिकामी बादली पुन्हा भरून ते चढ चढायला लागतात.